ताबोला आई-बाबांना न्यायचंय: मनालीकडून जावं की किन्नौरकडून?

वाघूर_काठ

नमस्कार मंडळी. येत्या सप्टेंबरात आई-बाबांना घेऊन हिमाचलातल्या स्पितीला जायचं ठरतंय. बाबा ६८ वर्षांचे, आई ६३. बाबा सोयगाव तालुक्यात जिल्हा परिषदेच्या शाळेवर शिक्षक होते. दरवर्षी सातवीच्या पोरांची सहल अजिंठ्याला न्यायचे आणि पहिल्या लेण्यात पद्मपाणीसमोर सगळ्यांना खाली बसवून पाच मिनिटं गप्प राहायला लावायचे. त्या पोरांत एका वर्षी मीही होते. मध्यंतरी कुणीतरी त्यांच्या कानावर तिथल्या ताबोच्या जुन्या बौद्ध मठाचं नाव घातलं, 'हिमालयातलं अजिंठा' म्हणतात असं सांगितलं, आणि तेव्हापासून प्रत्येक फोनमध्ये ताबोचा विषय निघतोच.

पुण्यातल्या एका यात्रा कंपनीने सात दिवसांचा कार्यक्रम दिला आहे. चंदीगड, मनाली, दुसऱ्याच दिवशी कुंजुम खिंड ओलांडून काझा, मग की गावचा मठ, किब्बर, लांगझा, हिक्किम, कोमिक, आणि ताबो एका दुपारी, तेही दीड तास. आम्ही तर ताबोसाठीच निघालोय! बाबांना बीपीची गोळी चालू आहे, बाकी तब्येत ठणठणीत. आईचा उजवा गुडघा दुखतो, पायऱ्या उतरताना जास्त. या दोघांना इतक्या उंचीवर न्यावं का, आणि न्यायचं तर कोणत्या वाटेने?

अजून एक प्रश्न आहे, जरा नाजूक. आजोबांनी १९५६ ला नागपुरात दीक्षा घेतली. आमच्या घरात बुद्धाची साधी मूर्ती, बाबासाहेबांचा फोटो, त्रिशरण-पंचशील, एवढंच. बाबा म्हणतात, "तिकडच्या गोम्पांमध्ये, म्हणजे मठांमध्ये, देवदेवता, तंत्रमंत्र असतात असं ऐकलंय. मी कुणापुढे हात जोडणार नाही." जायची ओढ खूप आहे आणि मनात अवघडलेपणही आहे. कुणी आपल्या घरच्या वडीलधाऱ्यांना घेऊन गेलंय का?

रानवाटा

मनालीकडूनच जा. अटल बोगद्यामुळे रोहतांग चढायची गरज उरली नाही, वेळ वाचतो. कुंजुम आणि चंद्रतालचं तळं हे या प्रवासातलं सगळ्यात देखणं. सात दिवस पुरतात, आम्ही मित्रमंडळी बाइकवर त्याहून कमी दिवसांत करून आलो. काका-काकूंना गाडीत पुढची सीट द्या, सोबत ऑक्सिजनचे छोटे डबे ठेवा, होईल सगळं.

पांढरी_माती

वाघूर, यात्रा कंपनीचा तो कागद बाजूला ठेवा. किन्नौरकडून जा. रानवाटा म्हणतात तो रस्ता सुंदर आहे यात वाद नाही, पण तो पंचविशी-तिशीतल्या बाइकवाल्यांचा. तुमचं काम वेगळं आहे.

उंचीचं गणित बघा. मनाली दोन हजार मीटरच्या आसपास. तिथून एका दिवसात साडेचार हजारांची कुंजुम ओलांडून रात्री काझाला, म्हणजे साधारण ३,६५० मीटरवर झोपायचं. शरीराला सवय व्हायला वेळच मिळत नाही. शिवाय ग्राम्फू ते लोसर हा पट्टा दगडगोट्यांचा, नाल्यांतून गाडी घालायची, दिवसभर हाडं खिळखिळी. किन्नौरकडून चढ हळूहळू येतो. सिमला २,२००, सराहनही तेवढंच, कल्पा २,९६०, आणि मग ताबो साधारण ३,२८०. ताबो स्पितीतल्या खालच्या गावांपैकी. म्हणजे ज्या गावासाठी निघालात तेच उंचीच्या दृष्टीनेही मुक्कामाला सगळ्यात सोयीचं. नाको गाव देखणं आहे, तळ्याकाठी जुनी मंदिरं आहेत, पण ते ३,६०० च्या पुढे. तिथे दुपारी थांबा, मंदिरं बघा, मात्र झोपायला ताबोलाच उतरा.

कालका-सिमला गाडीने वर या, आईंना आवडेल. एक रात्र सिमला, एक सराहन, कल्पाला दोन. कल्पाच्या दुसऱ्या दिवशी काहीही करू नका. समोर किन्नर कैलास आहे, अंगणात सफरचंदं लगडलेली असतात, खुर्ची टाकून बसा. सप्टेंबर उत्तम निवडलात. जुलै-ऑगस्टात किन्नौरच्या त्या कातळात कोरलेल्या रस्त्यावर दरडी येतात आणि वरून धोंडे सुटतात, तेव्हा मी कुणालाच पाठवणार नाही.

कल्पाहून ताबो दीडशे किलोमीटरच्या आसपास, पण दिवस जातो. भल्या पहाटे निघा. वाटेत खाबला सतलज आणि स्पिती नदीचा संगम लागतो. तिथून झाडं संपतात. बाबा शिक्षक होते म्हणून एक सुचवते: स्पिलोच्या जवळ मुख्य रस्ता सोडून वर कानम नावाचं गाव आहे. अलेक्झांडर चोमा द कोरोस हा हंगेरियन अभ्यासक १८२७ ते १८३० तिथल्या गोम्पात तिबेटी ग्रंथ वाचत बसला होता. पुढे १८३४ ला कलकत्त्यात त्याचा तिबेटी-इंग्रजी कोश छापला गेला. दिवसात वेळ उरत असेल तर वळा, नाहीतर गाडीतून जाताना बाबांना नुसतं दाखवा.

आता ताबो. मी मातीच्या बांधकामात काम करते, जुने वाडे, गढ्या, पडायला आलेली धाब्याची घरं. ताबोला मी पुन्हा पुन्हा जाते ती त्यासाठी. मराठवाडा-खानदेशात वाढलेल्या माणसाला हे पटकन कळेल. सपाट छप्पर, लाकडाच्या तुळया, त्यावर काटक्या, त्यावर मातीचा थर चोपलेला. बाबांचं लहानपण धाब्याच्या घरात गेलं असेल तर पावसाआधी घरच्यांनी छतावर पांढरी माती पसरलेली त्यांना आठवत असेल. ताबो त्याच कुळातलं आहे. बाहेरून बघाल तर मातकट, बुटकं, खिडक्या जवळजवळ नाहीत. गाडीतून उतरलेली कितीतरी माणसं "एवढंच?" म्हणून नव्या सोनेरी स्तूपाचे फोटो काढून परत जाताना मी बघितली आहेत. आत जायला पाच पावलं असतात हो.

हे मंदिर ९९६ साली उभं राहिलं. पश्चिम तिबेटातल्या गुगेचा राजा येशे-ओ याने बांधवलं, आणि त्याच्या नातवाच्या पिढीतल्या छांगचुब-ओने ४६ वर्षांनी, १०४२ ला, त्याचं नूतनीकरण केलं. हे दोन्ही तिथल्याच भिंतीवरच्या लेखातून कळतं. त्याच १०४२ साली बिहारमधल्या विक्रमशिला विद्यापीठाचे आचार्य अतिश दीपंकर गुगेत पोचले. अनुवादक रिंचेन झांगपो (९५८–१०५५) याच काळातले. काश्मीरला जाऊन शिकून आलेले, सोबत तिथले कारागीर घेऊन आलेले. ताबोच्या चित्रांत ते काश्मिरी वळण दिसतं, डोळ्यांत, कमरेच्या बाकात, वस्त्रांवरच्या नक्षीत. थोडक्यात, मगध आणि काश्मीरकडून धम्म डोंगर चढून वर गेला, आणि खाली त्याचे विहार ओस पडल्यावरही इथे पूजा-पठण चालू राहिलं. अजिंठा इंग्रजांना १८१९ ला 'सापडलं', तोवर तिथे दिवा लावणारं कुणी उरलं नव्हतं. ताबोत भिक्खू आजही राहतात.

आत कसं बघायचं ते सविस्तर सांगते, कारण दीड तासाच्या कार्यक्रमात नेमकं हेच हुकतं.

दार पूर्वेला. आत गेल्यावर आधी काहीच दिसत नाही. छपरातल्या झरोक्यातून थोडा उजेड येतो, बाकी काळोख. घाई न करता दोन-तीन मिनिटं उभं राहा. मग हळूहळू भिंतीतून माणसं बाहेर येऊ लागतात. माणसाएवढ्या मातीच्या मूर्ती, तीसहून अधिक, डोक्याच्या वरच्या पातळीवर भिंतीला लावलेल्या, चारही बाजूंनी. मध्ये पाठीला पाठ लावून बसलेला चौमुखी वैरोचन. ही सगळी खोली म्हणजे एक मंडल आहे, वज्रधातू मंडल. एरवी मंडल कापडावर रंगवलेलं असतं आणि आपण बाहेरून बघतो, इथे आपण त्याच्या आत उभे असतो.

आणि आता नजर खाली आणा. मूर्तींच्या खाली, साधारण छातीच्या उंचीवर, चित्रांचा पट्टा फिरत जातो. डाव्या हाताने, म्हणजे दक्षिणेच्या भिंतीपासून सुरुवात करा. तिथे सुधनाची गोष्ट आहे. सुधन हा एका व्यापाऱ्याचा मुलगा. मंजुश्री बोधिसत्त्व त्याला शिकायला धाडतो आणि तो पन्नासहून अधिक गुरूंकडे एकामागून एक जातो. त्यात भिक्खू आहेत, राजे आहेत, नावाडी आहे, अत्तरवाला आहे, सोनार आहे, भिक्षुणी आहे, बायका आहेत, लहान मुलंही आहेत. प्रत्येक जण म्हणतो, मला एवढंच येतं, पुढचं अमक्याला विचार. शिक्षकी केलेल्या माणसाने या भिंतीसमोर अर्धा दिवस काढावा. मागून वळून उत्तरेच्या भिंतीवर आलात की बुद्धचरित्र सुरू होतं: जन्म, गृहत्याग, माराचा हल्ला, महापरिनिर्वाण. हे बाबांना कुणी समजावून द्यायची गरज नाही.

बॅटरी न्या, छोटी, आणि लामांना विचारून मगच लावा. प्रकाश समोरून मारू नका, भिंतीच्या कडेने तिरपा सोडा. मूर्तीच्या बोटांवर, मुकुटाच्या कळ्यांवर असा उजेड पडला की कारागिराच्या अंगठ्याने माती जिथे दाबली तिथली खळगी दिसते. हजार वर्षांपूर्वीची ओली माती. ते पाहताना मला दर वेळी भरून येतं.

फोटो काढायला आत बंदी आहे, ती मनापासून पाळा. पाठीवरची पिशवी बाहेर ठेवा. भिंतीला पाठ, कोपर, डोकं काहीही लागू देऊ नका. अजिंठ्याचं चित्र जसं मातीच्या गिलाव्यावर आहे तसंच हेही, फक्त अजिंठ्यात गिलाव्यामागे कातळ आहे आणि इथे मागेही मातीच. वरून पाणी मुरलं की चित्रावरून मातीचे ओघळ येतात, काही कोपऱ्यांत ते दिसतील. स्पिती पर्जन्यछायेतला मुलूख, हे छप्पर बर्फासाठी केलेलं, तोही झाडून टाकायचा. धो धो पावसाचा विचार त्यात नाही. ज्या वर्षी पाऊस जास्त, त्या वर्षी माझा जीव थाऱ्यावर नसतो.

ताबोला किमान तीन रात्री राहा. आवारात नऊ मंदिरं आहेत, मैत्रेयाचं एक आहे, त्यातली मूर्ती मान वर करून बघावी लागते. गाव सपाट आहे, आईंच्या गुडघ्याला त्रास नाही. रस्त्यापलीकडच्या कड्यात ध्यानाच्या गुहा आहेत, तिथे चढ आहे, तो बाबा चढतील, आईंनी खाली थांबावं.

डॉ_निवडुंग

पांढरी_माती यांच्या मार्गाला डॉक्टर म्हणून माझा पूर्ण पाठिंबा. काही गोष्टी जोडतो.

विरळ हवेचा त्रास वयामुळे होतो असा समज आहे. खरं कारण वेग. तीन हजार मीटरच्या वर गेल्यावर झोपायची उंची एका रात्रीत ५०० मीटरपेक्षा जास्त वाढवू नये, आणि दर तीन-चार दिवसांनी एक दिवस आहे तिथेच थांबावं. दिवसा वर जाऊन रात्री खाली येऊन झोपलेलं चालतं.

बीपीची गोळी स्वतःच्या मनाने बंद करू नका, कमीजास्तही करू नका. जाण्याआधी महिनाभर बाबांचं बीपी, साखर, हृदयाचा आलेख आणि एकदा चालण्याची तपासणी करून घ्या. बीपीच्या काही गोळ्यांनी लघवी जास्त होते, कोरड्या हवेत त्याचा परिणाम वाढतो, म्हणून गोळीचं नाव तुमच्या डॉक्टरांना विचारून घ्या. ॲसिटाझोलामाइड प्रतिबंधक म्हणून देता येतं, पण सल्फाची ॲलर्जी असेल तर त्याबाबत आधी डॉक्टरांशी बोला, मित्राने सांगितलं म्हणून घेऊ नका. झोपेच्या गोळ्या आणि दारू नको. ऑक्सिजनचे छोटे डबे काही मिनिटं पुरतात, त्यांच्या भरवशावर वर चढू नका.

डोकेदुखी, मळमळ, भूक मरणं, झोप न लागणं, एवढ्यावर असेल तर आहे त्या उंचीवर थांबा. बसल्या जागी धाप लागली, खोकला वाढला, किंवा सरळ रेषेत टाचेला पंजा लावून चालता येईना, तर रात्र असो की पहाट, गाडी काढा आणि खाली उतरा. काझाला सरकारी आरोग्य केंद्र आहे, मोठं रुग्णालय रेकाँग पिओला. त्या दृष्टीनेही किन्नौरची बाजू बरी, वाटेत नाकोपाशी एकदा चढ लागतो, पण कुंजुमसारखी उंच खिंड ओलांडावी लागत नाही.

वाघूर_काठ

किती मनापासून लिहिलंत सगळ्यांनी! पांढरी_माती ताई, तुमचा प्रतिसाद बाबांना फोनवर वाचून दाखवला. धाब्याच्या घराचं ऐकून ते थोडा वेळ बोललेच नाहीत. मग म्हणाले, "आमच्या घरावर माती टाकायचं काम माझ्याकडेच असायचं." सुधनाची गोष्ट त्यांना माहीत नव्हती, आता ते ती शोधून वाचतायत.

मार्ग ठरला, किन्नौरच. कंपनीला नाही म्हणून कळवलं. आता दोनच शंका. त्या मूर्तींबद्दल, मंडलाबद्दल बाबांच्या मनात अजून खळखळ आहे. वैरोचन म्हणजे देवच की, असं ते म्हणतात. आणि आई विचारतेय, तिथे बायकांना सगळीकडे जाऊ देतात ना?

दीक्षाभूमी_रोड

जय भीम, ताई. मी नागपूरचा. आमच्या विहारातल्या ज्येष्ठांना घेऊन मी स्पितीला जाऊन आलोय, तुमच्या बाबांसारखीच मंडळी. त्यांतल्या एका काकांनी निघतानाच सांगितलं होतं, मी बुद्धाशिवाय कुणाला वंदन करणार नाही. तिथे कुणीही त्यांना आग्रह केला नाही. ताबोच्या नव्या सभामंडपात पहाटेच्या पठणाला आम्ही मागच्या भिंतीशी बसलो. भिक्खूंचं झाल्यावर काकांनी विचारलं, आम्ही आमचं त्रिशरण म्हटलं तर चालेल का. लामा म्हणाले, जरूर. आम्ही पालीत म्हटलं. बुद्ध, धम्म, संघ हे शब्द त्यांना लगेच कळले, दोन छोटे भिक्खू आमच्याकडे बघत हात जोडून उभे राहिले. सगळा संकोच तिथेच मिटला.

मला स्वतःला असं वाटतं की आपण नवयानी लोकांनी हिमालयाकडे परकं म्हणून बघू नये. ६ डिसेंबर १९५६ ला बाबासाहेबांच्या जाण्याची बातमी आली तेव्हा नागपुरात शोकसभेत लोकांना धीर देणारे भन्ते संघरक्षित कालिम्पाँगला राहायचे, तिबेटी गुरूंकडे शिकलेले होते. मतभेद आहेत, राहतील. बाबांनी २२ प्रतिज्ञा मनात ठेवूनच जावं, आणि जे पटणार नाही ते तिथल्या लामांना सरळ विचारावं. शंका विचारलेली त्या लोकांना आवडते, वादविवाद हा त्यांच्या अभ्यासाचाच भाग आहे. हिंदी बऱ्याच जणांना येतं.

एक व्यवहाराचं: परतीची तारीख धम्मचक्र प्रवर्तन दिनाच्या बऱ्याच आधीची ठेवा. आमच्यात एक जण दीक्षाभूमीचा दिवस चुकेल या काळजीने शेवटचे दोन दिवस अस्वस्थ होते.

पांढरी_माती

दीक्षाभूमी_रोड यांनी जे लिहिलं ते मला लिहिता आलं नसतं. मी जन्माने बौद्ध नाही, म्हणून त्या प्रश्नाला आधी हात घातला नव्हता. पण भिंतींकडे बघून जे समजलंय तेवढं सांगते.

बाबा पोरांना ज्या पद्मपाणीसमोर गप्प बसवायचे, तो अवलोकितेश्वर. हातात कमळ, नजर खाली झुकलेली. स्पितीत त्यालाच चेनरेझिग म्हणतात. रस्त्याकडेला दगडांच्या लांबलचक भिंती लागतील, एकेका दगडावर 'ॐ मणि पद्मे हुं' कोरलेलं असेल, तो मंत्र त्याचाच. म्हणजे अख्खी स्पिती ज्याचं नाव घेते त्याची ओळख बाबांनी सोयगावच्या किती तरी पोरांना आधीच करून दिलेली आहे. हात जोडणं न जोडणं हा त्यांचा प्रश्न, पण परक्याच्या घरी चाललोय असं त्यांनी मनात आणू नये. वैरोचन जगाचा कर्ता नाही. बुद्धाच्या जाणिवेला पाच अंगं मानली आणि त्यांना पाच रूपं दिली, त्यातलं मधलं रूप तो. हे पटो न पटो, चित्रकाराने हे का रंगवलं ते त्यातून कळतं.

आईंचा प्रश्न. मुख्य मंदिरात, मैत्रेय मंदिरात, सगळीकडे जाता येतं. मात्र काही गोम्पांत गोनखांग नावाची रक्षक-देवतांची खोली असते, तिथे बायकांना जाऊ देत नाहीत. मला हे मुळीच पटत नाही आणि मी तसं तिथल्या लामांना सांगितलेलंही आहे. आईंना हे आधीच सांगून ठेवा. दारात जाऊन अडवलं गेलं की जो अपमान वाटतो तो निदान टळेल. त्या खोल्यांत रौद्र रूपं असतात, दात विचकलेली, गळ्यात कवट्या. बाबांना तिथे जायची इच्छा नसेल तर काही बिघडत नाही, ताबोचं मर्म त्या खोलीत नाही.

ताबोहून एक दिवस धनखर आणि ल्हालुंगसाठी ठेवा. धनखर ही स्पितीची जुनी राजधानी, स्पिती आणि पिन नद्यांच्या संगमावर, साधारण ३,९०० मीटरवर. शिचलिंगहून फाटा वर जातो. जुना गोम्पा भुसभुशीत कड्याच्या टोकावर, पायऱ्या अरुंद आणि उंच. आईंनी तिथे चढू नये. गावातून समोरचा देखावा तसाही पूर्ण दिसतो. धनखरच्या तळ्याचा चढ दोघांनीही सोडा. त्यापेक्षा ल्हालुंगला जा, लिंगती खोऱ्यात, फारसं कुणी वळत नाही. तिथल्या सेरखांग नावाच्या मंदिराच्या भिंतीवर मातीच्या मूर्ती इतक्या दाटीने आहेत की भिंत दिसतच नाही. किल्ली गावात कुणाकडे तरी असते, गाडी थांबवून पहिल्या घरात विचारायचं.

गुएची ममी बघावी का असं पुढे विचारालच, सगळे विचारतात. सुमदोच्या पुढे फाटा आहे. एका लामांचा बसलेल्या अवस्थेतला देह, १९७५ च्या भूकंपानंतर उघडा पडला. मी एकदा गेले, पुन्हा जावंसं वाटलं नाही. काचेआडच्या माणसासमोर लोक सेल्फी काढतात ते बघवत नाही. त्याच भूकंपात ताबोच्या मंदिरांनाही हादरे बसले होते, नंतर शेजारी नवा सभामंडप झाला. १९८३ ला आणि मग हजार वर्षं पूर्ण झाली तेव्हा १९९६ ला दलाई लामांनी ताबोला कालचक्र दीक्षा दिली. गावातल्या म्हाताऱ्या माणसांना ते दिवस लख्ख आठवतात, विचारा त्यांना, चहा पाजून सांगतील.

ताबोनंतर काझा, ४७ किलोमीटर. काझाला दोन रात्री राहून की गोम्पा आणि लांगझा, एवढंच, आणि झोपायला खाली काझालाच. हिक्किमच्या टपाल कार्यालयातून नातवंडांना पत्रं टाकायची हौस असेल तर लांगझाहून पुढे तेवढं करून या, पण कुणाचं डोकं जरा जरी दुखत असेल तर गाडी तिथूनच वळवा. हा सगळा भाग ४,४०० मीटरच्या आसपासचा आहे. परत आल्या वाटेनेच या. कुंजुमवरून मनालीला उतरायचा मोह होईल, ड्रायव्हरही सुचवेल, पण सप्टेंबरच्या अखेरीस तिथे बर्फ पडू शकतं आणि दिवसभराचे धक्के आईंच्या गुडघ्याला झेपणार नाहीत.

राहायला: ताबोला गोम्पाचं अतिथिगृह आहे, घरगुती मुक्कामही मिळतात. आधी फोनवर एकच गोष्ट पक्की करा, कमोड आहे का. स्पितीच्या जुन्या घरांत कोरडे संडास असतात, वर माती टाकायचे. पाणी वाचवणारी फार शहाणी पद्धत, पण आईंना उकिडवं बसणं जमणार नाही. रोख पैसे रेकाँग पिओलाच काढून ठेवा. एटीएम काझाला आहे, पण त्याच्या भरवशावर राहू नका. भारतीयांना या रस्त्याला परवाना लागत नाही, तरी तिघांची ओळखपत्रं हाताशी असू द्या, तपासणी नाक्यावर नोंद होते. गाडी सिमल्याहून किंवा पिओहून स्थानिक ड्रायव्हरची घ्या. दरडी येणाऱ्या मलिंग नाल्यापाशी थांबायचं की जायचं हे त्याला कळतं, आणि तो थांबूया म्हणाला की थांबायचं.

जेवणाची काळजी नको. डाळ-भात, राजमा सगळीकडे मिळतं. थुक्पा, म्हणजे शेवयांचं सूप, आईंना नक्की आवडेल, गरम आणि पोटाला हलका. मिठाचा लोण्याचा चहा एकदा तरी घ्या, त्या हवेत तो अंगाला मानवतो.

आणि निघण्याआधी एक करा. बाबांना घेऊन पुन्हा एकदा अजिंठ्याला जाऊन या, पहिलं आणि सतरावं लेणं नीट बघा. ते डोळ्यांत ताजं असताना ताबोच्या भिंतीसमोर उभं राहिलात तर कुठे रेघ तीच आहे आणि कुठे काश्मीरकडून आलेला हात वेगळा पडला, ते बाबाच तुम्हाला दाखवतील.

वाघूर_काठ

ताई, पुढच्या रविवारी अजिंठ्याला जातोय, बाबांनी लगेच होकार दिला. सोमवार नको म्हणाले, लेणी बंद असतात. ताबोच्या अतिथिगृहाची चौकशी उद्या करते. कमोडचं आईला सांगितलं, तिने तुम्हाला आशीर्वाद दिलेत. दीक्षाभूमी_रोड दादा, त्रिशरणाची परवानगी विचारायची कल्पना बाबांनी वहीत लिहून घेतली. डॉक्टर, तपासण्यांची यादी दवाखान्यात नेतेय, काही वेगळं निघालं तर इथेच विचारते.